अठरावा गठ्ठा

अठरावा गठ्ठा जेवढा भरायला हवा होता तेवढा भरला नाही, म्हणून मंजिरी तोडकरनं हातातला चहा बाजूला ठेवला.

काम तसं कंटाळवाणंच होतं. मिरजेच्या त्या हृदयरोग संस्थेत वीस वर्षांत काढलेले सगळे ईसीजी जुन्या सर्व्हरवर पडून होते. छत्तीस लाख फायली. सर्व्हरची खोली आता शस्त्रक्रियेच्या नव्या यंत्राला हवी होती. त्यामुळे सगळा माल दाबून, गठ्ठे बांधून बाहेरगावच्या साठवणकेंद्रात पाठवायचा आणि मूळ फायली पुसून टाकायच्या, असा हुकूम निघाला होता. अभिलेख विभागात मंजिरी एकटी. एवढ्या फायली हातानं कोण दाबणार? तिनं एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेली कामं. या फोल्डरमधल्या पन्नास रुग्णांच्या फायली उचल, गठ्ठा बांध, दाब, पुन्हा उलगडून मूळ फायलींशी ताडून बघ, जुळलं तर आकार नोंदव, मूळ पूस आणि पुढच्या फोल्डरकडे जा. एकदा सुरू करून दिली की मंजिरीला फक्त आकड्यांवर नजर ठेवायची होती.

दाबण्याचं काम ‘निचोड’ नावाचा प्रोग्राम करायचा. तो येऊन दोनच वर्षं झाली होती. फाइल लहान करायची जुनी रीत सोपी होती. पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि पुढे नुसती खूण करायची. भजनाच्या वहीत ध्रुवपद एकदा लिहून पुढे नुसतं ‘धृ.’ लिहितात तसं. निचोड याच्या पुढे गेला होता. तो आधी अख्खा गठ्ठा वाचायचा, त्यातल्या लाटांची सवय शिकायचा, आणि सवयीबाहेरचं जेवढं असेल तेवढंच लिहून ठेवायचा. प्रत्येकाचं हृदय आपल्या सवयीनं चालतं. कुठे किंचित थबकतं, कुठे लाट जरा पसरते, हे सहीसारखं ज्याचं त्याचं असतं. गठ्ठ्यात माणसं जितकी जास्त तितक्या सवयी जास्त, आणि गठ्ठा तितका मोठा. पन्नास माणसांचे आलेख दाबून मूळच्या सहाव्या हिश्शावर यायचे. आधीचे सतराही गठ्ठे तसेच आले होते.

अठरावा पंचविसाव्या हिश्शावर आला.

मंजिरीचा पहिला संशय स्वतःवर होता. एखाद्या ओळीत चुकीचं चिन्ह पडलं की स्क्रिप्ट तीच ती फाइल पुन्हा पुन्हा उचलते. तिनं मूळ पुसण्याची ओळ आधी बंद केली आणि मग प्रत्येक फाइल दुसरीशी ताडून पाहिली. अठराशे फायलींपैकी कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या. नावं वेगळी, तारखा वेगळ्या, वेळा वेगळ्या. आकार नेहमीपेक्षा फारच वेगळा आला तर पुसायच्या आधी थांब, असंही तिनं स्क्रिप्टला सुदैवानं लिहून दिलं होतं. मूळ फायली शाबूत होत्या.

मग तिनं एकेका रुग्णाचे आलेख वेगळे काढून दोघादोघांच्या जोड्या लावल्या. दोन परक्या माणसांची जोडी दाबली की ती जड भरायची, एकाच माणसाचे दोन आलेख हलके. संध्याकाळी चारच्या सुमारास उत्तर पडद्यावर आलं, आणि ते वाचून तिनं आपोआप मागे वळून दाराकडे पाहिलं.

पहिले काही महिने पन्नास माणसं पन्नासच होती. त्यानंतर एकेक करून त्यांतल्या त्रेचाळीस जणांचं हृदय एकच झालं होतं.

हे पन्नास जण कोण, ते शोधायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वी संस्थेत ‘स्पंदोरिन’ या गोळीची चाचणी सुरू झाली होती. ठोक्यांची लय बिघडलेले चारशे रुग्ण, तीन वर्षं, दर महिन्याला एक ईसीजी. शेवटचे पन्नास जत तालुक्यातल्या लांबच्या वाड्यावस्त्यांवरचे. चाचणी यशस्वी झाली, गोळी बाजारात आली, आणि चाचणीचे प्रमुख डॉ. शिरगावकर संस्थेचे संचालक झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिरगावकर अभिलेख विभागाच्या दारात उभे. एरवी ते जिना उतरून या मजल्यावर यायचे नाहीत.

“तोडकर, तुमचा अठरावा गठ्ठा अडकलाय म्हणे?”

“थोडी गडबड आहे सर. बघतेय.”

“गडबड असेल तर तो सोडून पुढे जा. खोली महिनाअखेर रिकामी पाहिजे. जुन्या चाचणीच्या फायली आता कोण उघडून बघणार आहे?”

ते गेले. गठ्ठ्यांचे आकडे रोज त्यांच्या कार्यालयात आपोआप जातात, हे मंजिरीला ठाऊक होतं. तरीही छत्तीस लाख फायलींमधल्या एका गठ्ठ्यासाठी संचालकांनी जिना का उतरावा? आणि ‘जुन्या चाचणीच्या फायली’ म्हणाले ते. गठ्ठ्यात काय आहे, हे तिनं सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तिला सगळ्यांच्याच वागण्यात काहीतरी दिसू लागलं. कँटीनमध्ये कुणी बोलणं थांबवलं की वाटायचं, आपल्यावरच चाललं होतं. जेवायला जाताना ती संगणक बंद करून किल्ली पर्समध्ये टाकू लागली.

त्रेचाळीस जणांच्या नावावर स्वतःच्या छातीला वायरी लावून घेणारा माणूस बाहेरचा असणं शक्य नव्हतं. रोज यंत्रापर्यंत पोचणारा कुणीतरी. संस्थेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची कामावर लागताना तपासणी व्हायची आणि ते ईसीजीही याच ढिगात होते. तीनशे बारा माणसं. मंजिरीनं सात ओळींची नवी स्क्रिप्ट लिहिली. एका कर्मचाऱ्याचा आलेख घे, त्याच्याबरोबर तो संशयाचा आलेख ठेव, दोन्ही एकत्र दाब, आणि वजन किती वाढलं ते लिही. ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगायला शब्द कमी लागतात. ज्याच्या शेजारी ठेवल्यावर वजन जवळजवळ वाढणारच नाही, तो आपला माणूस.

यादीत पहिलं नाव शिरगावकरांचंच असणार, याची तिला खात्री होती. ते एकशे चाळिसावे निघाले.

पहिल्या जागी नुसता क्रमांक होता: ११७. रजिस्टरमध्ये समोर नाव होतं, प्रल्हाद आलासे, वरिष्ठ ईसीजी तंत्रज्ञ.

प्रल्हाद आलासे म्हणजे तिचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गेले तेव्हा मंजिरी बारा वर्षांची होती. आक्काच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. “पोरगी आपल्याकडं राहील,” एवढं एकच वाक्य बोलून दाजींनी तिची पत्र्याची ट्रंक सायकलला बांधली होती. तिचं शिक्षण त्यांच्या घरात झालं. या संस्थेतल्या जागेची जाहिरातही त्यांनीच आणून दिली होती.

तिनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. मग दुसरा संशयित आलेख घेऊन चालवली, मग तिसरा. प्रत्येक वेळी ११७.

विचारायचं कसं? ती विचारू शकली नाही. त्याऐवजी ती त्यांच्यावर पाळत ठेवू लागली, आणि या गोष्टीची तिला स्वतःलाच शिसारी आली. रविवारी आक्काकडे जेवायला गेली तेव्हा दाजी पानावर बसता बसता सहज म्हणाले, “जुन्या फायली पुसताय म्हणं तुम्ही लोक. कुठवर आलं?”

“चाललंय,” ती म्हणाली. “तुम्हाला कोण म्हणालं?”

“अगं, एका इमारतीत काम करतो आपण. कानावर येतंच की.”

एरवी या बोलण्यात तिला काहीच वाटलं नसतं. आज प्रत्येक शब्द तिनं मनात उलटापालटा करून पाहिला. जेवण झाल्यावर दाजी गच्चीवरचे पापड आणायला निघाले आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर कठड्याला धरून थांबले. बराच वेळ.

“गुडघे,” ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी तिनं त्रेचाळीस जणांच्या नावांवरचे ते हजारभर आलेख महिन्यांप्रमाणे लावले आणि प्रत्येक महिना ११७ नंबरच्या जुन्या तपासणीशेजारी ठेवून दाबला. पहिल्या महिन्यात वजन जेमतेम वाढलं. सहाव्या महिन्यात जरा जास्त. वर्षानं दुप्पट. चाचणीच्या शेवटी तर निचोड त्या दोन आलेखांना जेमतेम एकाच माणसाचे म्हणत होता. मध्येच माणूस बदलला की काय? तिनं प्रत्येक महिना आधीच्या महिन्याशी लावून पाहिला. तिथे काही फरक नव्हता. जानेवारी फेब्रुवारीसारखा होता, फेब्रुवारी मार्चसारखा. नुसती पहिली टोकं शेवटच्या टोकांना ओळखत नव्हती. माणूस तोच होता. त्याचं हृदय बदलत गेलं होतं.

आलेख वाचणं हे तिचं काम नव्हतं. पहिला आणि शेवटचा असे दोन कागद छापून, नावं कापून ती डॉ. निलोफर मुजावर यांच्याकडे गेली. मुजावर मॅडम वर्षापूर्वीच संस्थेत आल्या होत्या. त्या चाचणीशी त्यांचा संबंध नव्हता. तेवढ्यासाठीच मंजिरीनं त्यांना निवडलं होतं.

मॅडमनी पहिला कागद पाहून बाजूला ठेवला. दुसऱ्यावर त्यांनी पट्टी लावली.

“वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यात पोचायला किती उशीर होतोय बघा. आणि इथं तर पोचलाच नाही. ठोका गळलाय. कोण आहे हा?”

“दोन्ही एकाच माणसाचे आहेत. मध्ये अडीच वर्षं. दुसरा तीन वर्षांपूर्वीचा.”

“तीन वर्षांपूर्वीचा? मग आज याची काय अवस्था असेल?” मॅडमनी पट्टी खाली ठेवली. “मंजिरीताई, हा माणूस ओळखीचा असेल तर मला नाव सांगू नका हवं तर. पण उद्याच्या उद्या इथं आणा. हे हृदय एखाद्या दिवशी चालता चालता थांबेल.”

“कशानं होतं असं?”

“वयानं होतं. पण इतक्या शिस्तीत, महिन्यामहिन्यानं? एखादं औषध चालू होतं का त्याला?”

दुपारची रजा टाकून मंजिरी तडक आक्काच्या घरी गेली.

दाजींची सुट्टी होती. पडवीत नवराबायको समोरासमोर बसून पावटा सोलत होते. मंजिरी त्यांच्यासमोर पायरीवर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून तिनं सरळ विचारलं.

“दाजी, त्या त्रेचाळीस जणांच्या नावावर तुम्ही बसत होता?”

आक्काला काही कळलं नाही. दाजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी नाही म्हणावं, असं मंजिरीला मनापासून वाटत होतं. ते नाही म्हणाले असते तर तिनं बहुधा विश्वासही ठेवला असता.

“कसं कळलं?” ते म्हणाले.

“गठ्ठा हलका भरला.”

त्यांनी मान हलवली. जणू हे असंच कधीतरी कळणार होतं. मग सावकाश सांगू लागले. जतची माणसं आधी यायची. मग एसटीचे हाल, कुणी द्राक्षबागेत कामाला, कुणी ऊसतोडीला गावच सोडून गेलेला. एकेक जण येईनासा झाला. शिरगावकर दर महिन्याला यादी बघायचे. रकाना रिकामा दिसला की म्हणायचे, “आलासे, रकाना भरलेला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा.”

“तुम्ही बसता हे त्यांना ठाऊक होतं?”

“त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.” दाजींनी हातातली शेंग खाली ठेवली. “पहिल्यांदा एकाच्या नावावर बसलो. वाटलं, पुढच्या महिन्यात येईल. मग दोन झाले. शेवटी रोज दोनदा बसायचो. पण त्या गोळीची आलेखात एक खूण उमटते. नुसता माझा आलेख लावला असता तर लगेच सापडलो असतो. न आलेल्यांच्या गोळ्या कपाटात पडून होत्या. त्या घ्यायला लागलो.”

“शेवटपर्यंत?”

“अडीच वर्षं. त्यात कुणाला अपाय नव्हता गं. गोळी चांगलीच होती. बाकी साडेतीनशे लोकांना चांगला गुण आला होता. चाळीस रकान्यांनी काय बिघडतंय?”

“जी माणसं यायची बंद झाली, ती का बंद झाली, हे बघितलं कुणी?”

आक्का इतका वेळ खाली मान घालून ऐकत होती. तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

“कंच्या गोळीचं बोलताय? स्पंदोरिन?”

“हो,” मंजिरी म्हणाली.

“गेल्या साली माझी छाती धडधडत होती, तवा शिरगावकरांनी मला हीच लिहून दिली होती.” आक्का नवऱ्याकडे बघत होती. “घरी आल्याबरोबर तुम्ही चिठ्ठी फाडलीत. म्हणालात, उगं गोळ्या कशाला, तुळशीचा काढा घे. चांगली गोळी होती तर फाडली का?”

अठराव्या गठ्ठ्यापासून आजवर मंजिरीनं नाना तऱ्हेचे संशय घेतले होते, त्यांत हा नव्हता.

“मला तोवर चक्कर यायला लागली होती,” दाजी म्हणाले. “मी रोज लोकांचे आलेख काढतो. माझा काय झालाय, ते मला दिसत होतं.”

“म्हंजे तुमाला ठाऊक होतं,” आक्का म्हणाली. “घरातलीला वाचवलंत. आन् बाहेरच्यांना खाऊ दिलीत.”

ती उठून आत गेली. आत कसलाच आवाज झाला नाही, भांड्याचाही नाही. दाजी सुपातले दाणे हातानं एका बाजूला सारत राहिले.

“पूस तो गठ्ठा,” शेवटी ते म्हणाले. “अठरावा नुसता पुसून टाकलास तरी कुणी विचारायचं नाही. शिरगावकरांना तर बरंच वाटेल. मी नोकरी सोडतो. औषधपाणी करून घेतो. तुझ्या पाया पडतो, मंजे.”

ज्या माणसानं कधी तिला स्वतःच्याही पाया पडू दिलं नव्हतं, तो हे म्हणत होता. मंजिरीला वाटलं, हो म्हणावं. एकच ओळ होती, तीही लिहून तयार. ती बंद ठेवणारी पुढची खूण काढली की झालं.

“दाजी, त्या गोळीनं हृदयाचं काय होतं, हे सांगणारे आलेख साऱ्या जगात एकाच माणसाचे आहेत,” ती म्हणाली. “अडीच वर्षं, शेवटी तर रोज दोन. इतका नेमानं तपासलेला रुग्ण चाचणीत दुसरा नव्हता. पण त्यावर नावं दुसऱ्यांची आहेत. ते तुमचे आहेत असं तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो नुसता कचरा आहे.”

“सांगितलं तर मी तुरुंगात जाईन.”

“जाल कदाचित.”

“आणि तू मला धाडशील?”

“मी नाही धाडणार. गठ्ठा मी पुसणार नाही, एवढंच. बाकी तुम्ही ठरवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुजावर मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर प्रल्हाद आलासे बसलेले होते. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, आणि खिशात स्वतःच्या अक्षरात लिहिलेले चार कागद. आक्का शेजारी नव्हती. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसली होती.

पुढचं सगळं भराभर झालं. दाजींच्या छातीत त्याच आठवड्यात पेसमेकर बसला. कागद औषध नियंत्रकांकडे गेले. शिरगावकरांनी आधी सांगितलं की एका तंत्रज्ञानं केलेल्या लबाडीचा पुरावा म्हणून उपयोग होऊच शकत नाही. मुजावर मॅडमनी ते हजारभर आलेख एकाच माणसाचे म्हणून तारखेनं मांडले आणि चौकशी समितीला विचारलं, “लबाडी नावात आहे. ठोक्यांत कुठे आहे, ते दाखवा.” ते कुणाला दाखवता आलं नाही. महिनाभरात स्पंदोरिनची विक्री थांबली. शिरगावकर रजेवर गेले ते परतलेच नाहीत. दाजी निलंबित झाले, खटला उभा राहिला, जामीन मिळाला. अठरावा गठ्ठा पंचनामा होऊन मोहोरबंद झाला.

एक गोष्ट मात्र कुणीच हाती घेत नव्हतं. त्या त्रेचाळीस जणांचं पुढे काय झालं? समितीनं पत्रं पाठवली. निम्मी परत आली. एका सकाळी दाजींनी मंजिरीला फोन केला.

“यादी माझ्याकडं आहे. पत्ते पण आहेत. वकील म्हणतात, जाऊ नका, खटल्याला वाईट. तू येतेस?”

हे मनापासून की न्यायाधीशांना दाखवायला? एकदा संशय घ्यायची सवय लागली की ती माणूस बघत नाही, आणि दाजींच्या बाबतीत आता ती कधी जाईल असं तिला वाटत नव्हतं. तरी ती म्हणाली, “येते.”

जतच्या पुढे, रस्ता संपून माळ लागतो तिथल्या एका वस्तीवर ते दुपारी पोचले. यादीतलं पहिलं नाव तुकाराम सरगर. घरासमोर शेळ्या बांधलेल्या होत्या. पन्नाशीची एक बाई बाहेर आली.

“तुकाराम सरगरांचं घर हेच का?” दाजींनी विचारलं.

“हेच की. पर ते न्हाईत. पाच वर्सं झाली जाऊन. मिरजंच्या गोळ्या चालू होत्या. एक दिस शेळ्या घेऊन गेले, ते माळावरच पडले.” तिनं दोघांना निरखून पाहिलं. “तुमी कोण म्हनायचं? त्यांच्या वळखीचं?”

मंजिरीनं हातातल्या यादीकडे पाहिलं. तुकाराम सरगर या नावापुढे शेवटच्या महिन्यापर्यंत दर महिन्याला हजेरी होती. त्याच्या मरणानंतरही दोन वर्षं तो संस्थेत येत होता.

बाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. उन्हातून आलेली माणसं बघून तिनं ओसरीवर घोंगडं टाकलं आणि आतून पितळी तांब्या भरून आणला.

“बसा आधी. पानी घ्या.”

दाजी बसले नाहीत. छातीवर, पेसमेकरच्या जागी, हात ठेवून ते उन्हातच उभे राहिले.

“आधी मी कोण ते सांगतो, बाई,” ते म्हणाले. “मग पाणी द्यायचं का ते तुम्ही ठरवा.”